वरची मंडळी

सुगिया हॉटेलात 'सारू' हा शब्द कोणी उच्चारत नसे. आमच्याकडे जपानात माकडाला सारू म्हणतात, आणि एखाद्याने पाठ फिरवून निघून जावं, त्यालाही सारूच म्हणतात. ज्या घराचं पोट पाहुण्यांवर चालतं, तिथे 'निघून जा' असा अर्थ निघणारा शब्द कशाला, एवढंच त्यामागचं कारण. लग्नघरातही तो चालत नाही. १९८७ च्या फेब्रुवारीत सुगियात पाहुणेही होते आणि लग्नाचा विषयही निघाला होता, त्यामुळे बंदी दुप्पट कडक झाली होती.

अडचण एकच होती. हिवाळ्यात सुगियात उतरणाऱ्या दहा पाहुण्यांतले आठ माकडंच बघायला येत. हॉटेलापासून दोन किलोमीटर वर, दरीत, गरम पाण्याच्या कुंडात डोक्यावर बर्फ घेऊन बसलेली माकडं. टोकियोहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं दारात बूट काढता काढता विचारत, "सारू कुठे दिसतात हो?" दारातली मुलगी कमरेत वाकून म्हणे, "वरची मंडळी ना? देवदारांच्या वाटेने सरळ वर, अर्धा तास." एखाद्या मुलीच्या तोंडून चुकून तो शब्द निघालाच, तर दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरचा बर्फ तिने काढायचा. चाळीस वर्षं हाच नियम होता.

नियम कात्सुनोबाईंचा. हॉटेलही त्यांचंच. वय अठ्ठ्याहत्तर, उंची चार फूट आठ इंच. एकदा येऊन गेलेला पाहुणा बारा वर्षांनी आला, तरी त्याला उंच उशी लागते की बुटकी हे त्यांना आठवत असे. जुळे भाऊ वेगवेगळ्या वर्षी आले, तेव्हा दुसऱ्याला त्यांनी दारातच विचारलं होतं, "भाऊ बरा आहे ना तुमचा?" वरची मंडळी मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. वर दरीत माकडांचं पार्क सुरू होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण हिवाळ्यात त्यांना हॉटेल सोडता येत नसे आणि उन्हाळ्यात इच्छा होत नसे.

त्यांची नात चिहो सव्वीस वर्षांची होती. आईवडील नागोयाला, हॉटेल तिच्याकडे यायचं होतं. तिला लग्न करायचं होतं तामोत्सुशी, आणि तामोत्सु नऊ वर्षं पार्कात राखणदार होता. तो सुगियात घरजावई म्हणून यायला तयार होता. कात्सुनोबाईंना मुलगा नापसंत नव्हता.

"पोरगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "ताटात काही टाकत नाही. चपला नीट वळवून ठेवतो. पण नऊ वर्षं जो शब्द दिवसभर तोंडात घोळवला, तो इथे आल्यावर कुठे जाणार? पहिल्याच आठवड्यात नव्या नवरा-नवरीसमोर म्हणून मोकळा होईल."

"नाही गं म्हणणार, आजी."

"मग मी स्वतःच बघते. रविवारी वर जाऊन येते. फाटकातून आत गेल्यापासून परत फाटकाबाहेर येईपर्यंत त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या तोंडून तो शब्द एकदा जरी आला, तर विषय बंद. पुन्हा काढायचा नाही."

"आणि बघायला आलेले लोक? ते तर ओरडतच असतात."

"पाहुण्यांना कोण काय म्हणणार? पाहुण्यांना सगळं माफ."

"आणि नाही आला तो शब्द तर?"

"तर बघू."

"बघू नाही, आजी. हो म्हणायचं."

कात्सुनोबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. चिहोकडे पाहिलं. "बरं. हो म्हणेन."

चिहोने त्याच दुपारी पार्कात फोन केला. तामोत्सु घाबरेल अशी तिची कल्पना होती. तो हसला.

"एवढंच? अगं, आम्ही तो शब्द वापरतच नाही."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

"खरंच. कशाला वापरू? इथे एकशे त्रेसष्ट जणं आहेत, प्रत्येकाला नाव आहे. 'तोकी खाली उतरली', 'उमेने आज खाल्लं नाही', असंच बोलतो आम्ही. तू शाळेत 'माणूस आला, माणूस गेला' असं म्हणायचीस का?"

चिहोचा जीव भांड्यात पडला.

"मग झालं तर."

"कात्सुनोचं काय करायचं?"

"आजीचं? तिचं काय?"

"तुझी आजी नाही. आमची."

पार्कातल्या सर्वांत वरच्या मानाच्या माकडिणीचं नाव कात्सुनो होतं. अठरा वर्षांपूर्वी ठेवलेलं. तामोत्सु तेव्हा शाळेत होता. आता प्रश्न असा की चिहोच्या आजीसमोर तिला माकड म्हणता येणार नव्हतं आणि कात्सुनोही म्हणता येणार नव्हतं.

"तिला रविवारी दुसरीकडे ने," चिहो म्हणाली.

"बर्फ पडत असताना तिला कुंडातून उठवायचं? कोणी?"

"तू. तू राखणदार आहेस ना?"

"मला दोनदा चावली आहे ती."

शेवटी असं ठरलं की तिच्याबद्दल बोलायचंच नाही. कुंडात वीस-बावीस जणं असतात. एकीचं नाव राहिलं तर कोणाला कळणार?

रविवारी सकाळपासून बारीक बर्फ पडत होता. कात्सुनोबाईंनी रबरी बुटांना गवताची दोरी गुंडाळली, पाठीवरच्या पिशवीत पिठात भाजी भरून भाजलेल्या चार ओयाकी आणि चहाचा थर्मास घेतला आणि चिहोचा हात न धरता वाट चढायला सुरुवात केली. अर्ध्या तासाच्या वाटेला पन्नास मिनिटं लागली, कारण वरून उतरणाऱ्यांत सुगियातले सहा पाहुणे होते आणि प्रत्येकाशी थांबून बोलणं भाग होतं. एक लहान मुलगी ओरडली, "आज्जी, सारूने अंघोळ केली!"

"हो का? साबण लावला होता का?" कात्सुनोबाईंनी विचारलं आणि पुढे निघाल्या.

फाटकाशी खिडकीत बसणाऱ्या बाईंनी तीन दिवस सराव केला होता. तरी कात्सुनोबाईंना समोर बघून त्यांची जीभ घसरली. "या, या. आज सा…" त्या थांबल्या. "सा… सारी मंडळी खालीच आहेत. कुंडात."

"गिळलंत ते बरं केलंत," कात्सुनोबाई म्हणाल्या.

आत तामोत्सु आणि त्याचे वरिष्ठ कुराता उभे होते. कुराता अठ्ठावन्न वर्षांचे, पार्कातले सर्वांत जुने. ते इतके खाली वाकले की टोपी बर्फात पडली. कात्सुनोबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काही न बोलता त्या तामोत्सुकडे वळल्या.

"चल. दाखव."

"एकच गोष्ट, मालकीणबाई. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. त्यांना वाटतं आपण भांडायला आलोय."

"गिऱ्हाइकाकडेही तसं बघत नाहीत. पुढे बोल."

कुंडाच्या काठावर पन्नास-साठ माणसं कॅमेरे घेऊन उभी होती. वाफेतून लाल तोंडं दिसत होती. डोळे मिटलेले, केसांवर बर्फ साचलेला, काही जण हनुवटीपर्यंत पाण्यात. एका काठावर दोन पोरं बर्फाचे गोळे करून लोटत होती. एक तिसरंच पोर मागून येऊन त्यांचा गोळा पळवायचं आणि काय करायचं ते न सुचून त्यावर बसायचं.

कात्सुनोबाई जागच्या जागी थांबल्या. चिहो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. पन्नास वर्षं दारात उभं राहून कमावलेला चेहरा. त्यावरून काही कळत नसे. पण त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवून चिहोकडे दिली आणि मोकळ्या हातांनी कठड्याजवळ गेल्या.

"ती गोळ्यावर बसलेली कोण?"

"तोने. तोकीची धाकटी मुलगी. तोकी ती, डावीकडे, पापण्या पांढऱ्या असलेली."

"आणि तिच्या पाठीतल्या उवा काढतेय ती?"

"तोशी. तोकीचीच. इथे आईच्या नावाचं पहिलं अक्षर सगळ्या घराला लावतात. म्हणजे लक्षात राहतं."

"सोय चांगली आहे. ती, कान फाटलेली?"

"उमे. शेजारी तिचा मुलगा उरा. पाच वर्षांचा झाला, आता या-त्या कळपात फिरेल. मुलगे राहत नाहीत, मुली राहतात."

"आमच्याकडेही तसंच," कात्सुनोबाई म्हणाल्या. "घर मुलीकडे जातं. जावई बाहेरून येतो."

तामोत्सुचे कान लाल झाले, थंडीही होती.

पुढचा अर्धा तास कात्सुनोबाई बोट दाखवत राहिल्या आणि तामोत्सु नाव सांगत राहिला. त्याच्या तोंडून तो शब्द येण्याचा प्रश्नच नव्हता. तो आपल्या गल्लीतल्या माणसांबद्दल बोलावं तसा बोलत होता. कोणाला संत्र्याची साल आवडते, कोण पावसात चिडचिडं होतं, कोणाचं कोणाशी मागच्या शरदापासून पटत नाही. मग खेळ उलटला. कात्सुनोबाईच सांगू लागल्या.

"ती तोशी. आता बाहेर आली."

"हो."

"आणि हा उरा नाही. याचं नाक रुंद आहे. हा दुसरा."

तामोत्सुने वळून पाहिलं. "उहेई. उराचा धाकटा भाऊ. मालकीणबाई, नव्या राखणदाराला हे दोघं वेगळे ओळखायला तीन महिने लागतात."

"नाक बघायचं. केस आणि कपडे फसवतात, नाक फसवत नाही." त्यांचा आवाज थोडा वर चढला होता. शेजारी उभ्या असलेल्या, कॅमेरा घेतलेल्या गृहस्थांना त्यांनी कोपराने ढोसलं. "तुम्ही फोटो काढताय ना, ती तोकी. पापण्या नीट येऊ द्या फोटोत."

चिहोने थर्मासचं झाकण उघडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांतपणे चहा प्यायली. मागे कुरातांनी तिला हळूच विचारलं, "किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं. काका, तुम्ही बोलूच नका. नुसते उभे राहा."

"नुसताच उभा आहे गं मी. घाम फुटलाय."

आणि तेव्हाच कात्सुनोबाई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा ना."

"तोकीच्या घरची सगळी 'तो'. उमेच्या घरची 'उ'. मघाशी तू मला चार जणं दाखवलीस. काया, काने, कागारी आणि तो छोटा, काजी. ही चौघं 'का'. मग यांची आई कुठे आहे?"

एकीचं नाव राहिलं तर कळणार नाही, असं चिहो आणि तामोत्सुला वाटलं होतं. पण नावं खरी सांगितली होती, आणि खऱ्या नावांत रिकामी जागा दिसते.

"आई… आई ना," कुराता पुढे झाले. "आई म्हणजे ती. उमे. तिचीच ती मुलं, जरा लांबची."

"उमेचा कान फाटलाय. ती तिकडे झाडाखाली बसलीय. तुम्ही मला चेहरे शिकवू नका." कात्सुनोबाईंनी कुरातांकडे वळूनही पाहिलं नाही. "तामोत्सु. तू सांग."

चिहो त्याच्याकडे बघत होती. एखादं नाव बनवायचं. कासुमी म्हण, कायो म्हण, 'का'ने सुरू होणारी शंभर नावं आहेत. तिने ओठ हलवले सुद्धा: कायो. त्याने पाहिलं. पण नऊ वर्षं रोज संध्याकाळी तो कोण आलं, कोण आलं नाही ते लिहीत होता, आणि एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव त्याच्या हातून कधी लिहिलं गेलं नव्हतं.

"मधोमध, तो मोठा दगड आहे ना," तो म्हणाला, "जिथून गरम पाणी आत येतं. तिथे बसली आहे ती यांची आई."

"नाव?"

"कात्सुनो."

आसपास लोक फोटो काढत होते, मुलं ओरडत होती, तरी चिहोला बर्फ पडल्याचा आवाज ऐकू येतोय असं वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालास?"

"कात्सुनो. अठरा वर्षांची आहे. सात मुलं, अकरा नातवंडं. पार्कात तिच्यावर कोणी नाही."

"माझं नाव ठेवलंस?"

"नाव मी ठेवलं," कुराता म्हणाले. टोपी हातात, मान खाली. "मालकीणबाई, याचा काही संबंध नाही. हा तेव्हा शाळेत होता. मी ठेवलं."

आता कात्सुनोबाई वळल्या. "मला वाटलंच होतं. फाटकापाशीच ओळखलं मी तुला. पार्काच्या जाहिरातीचा कागद चिकटवायला आला होतास, आमच्या दारात. तेव्हा केस होते."

"हो. तुम्ही अपशकुन घालवायला माझ्या पाठीवर मीठ फेकलंत."

"दारात उभं राहून नऊ वेळा तो शब्द म्हणालास. मीठ फेकू नको तर काय आरती ओवाळू?"

"नऊ वेळा?"

"नऊ."

"त्याच आठवड्यात ही जन्मली," कुराता म्हणाले. "आठ दिवसांचं पोर, आईच्या पोटाला चिकटलेलं. मी जवळ गेलो तर तिथून मान काढून माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी दोन पावलं मागे सरलो. दुसरं नाव सुचेचना मला. पंधरा दिवस प्रयत्न केला."

कात्सुनोबाईंनी कुंडाकडे पाहिलं. दगडाजवळची म्हातारी पाण्यात छातीपर्यंत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी होती, बाकी कुंड खच्चून भरलं असताना. एक दांडगा नर काठावर आला, तिच्याकडे पाहिलं आणि लांबून वळसा घालून दुसऱ्या कोपऱ्यात उतरला.

"ही करते काय?"

"कोण कुठे बसणार ते ठरवते," तामोत्सु म्हणाला. "तिच्या घरच्या लहानग्यांना आधी आत घेते. बाहेरचा कोणी नवा आला, की तो आधी तिचा अंदाज घेतो. ती हलली नाही, तर राहतो."

"आणि कोणी आगाऊपणा केला तर?"

"चावते. मला दोनदा."

"कुठे?"

त्याने हातमोजा काढून मनगट दाखवलं. कात्सुनोबाईंनी चष्मा वर करून व्रण नीट पाहिले.

"तू काय केलं होतंस?"

"एकदा तिच्या पोराला हात लावला. एकदा तिच्या जागेवर पाय ठेवला. दोन्ही वेळा चूक माझीच होती."

कात्सुनोबाईंनी हातमोज्याने तोंड झाकलं. चिहोला आधी वाटलं आजी रडतेय. मग खांदे हलायला लागले, आणि मग आवाज आला. त्या हसत होत्या. इतक्या जोरात की कॅमेरेवाले गृहस्थ बाजूला झाले. हॉटेलात पाहुण्यांसमोर हसायचं ते त्यांचं हसू वेगळं होतं, मोजून दिलेलं. हे चिहोने कधी ऐकलं नव्हतं.

"ऐन पाण्याच्या तोंडाशी बसली आहे गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सगळ्यात गरम जागा! मला अर्धं आयुष्य लागलं स्वतःच्या घरात ती जागा मिळवायला. चल रे, ओळख करून दे."

"ओळख?"

"एवढ्या सगळ्यांची करून दिलीस. हिची राहिली ना."

तामोत्सु त्यांना कठड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेला, जिथून दगड चार हातांवर होता. कात्सुनोबाईंनी पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले आणि सुगियाच्या दारात पहिल्या पाहुण्यासाठी वाकतात तशा वाकल्या. नजर खाली, पाठ सरळ, मनात पाच अंक मोजून होईपर्यंत. राखणदारांच्या शिकवणीतही याहून योग्य काही नव्हतं.

म्हातारीने एक डोळा उघडला. वाकलेल्या बाईकडे पाहिलं, पडत्या बर्फाकडे पाहिलं, आणि उजवा हात लांब करून मुलीपुढे धरला. कायाने तो घेतला आणि केस विंचरायला सुरुवात केली.

"ती स्वस्थ आहे," तामोत्सु हळू आवाजात म्हणाला. "तुमचं येणं तिला चाललं."

"अहो, ही तर अगदी सा…" कुराता आनंदाच्या भरात बोलून बसले. चिहोने त्यांच्या बुटावर पूर्ण भार दिला. "सा… साक्षात मालकीणबाई!"

"तू अजून तसाच आहेस," कात्सुनोबाई सरळ होत म्हणाल्या. "लग्नात भाषण कोणी करायचं ठरलंय? हा करणार नाही."

चिहोच्या हातातलं थर्मासचं झाकण पडलं. "लग्नात?"

"एप्रिलमध्ये करा. मे महिन्यात गर्दी असते."

"आजी, अजून फाटकाबाहेर कुठे गेलोय आपण?"

"कशाला थांबू तिथपर्यंत? तो शब्द याच्या तोंडात नाहीच, ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. पुढे बघत होते ते वेगळंच." तामोत्सुकडे वळून त्या म्हणाल्या, "लग्न हातचं जाईल असं दिसत होतं, तरी तू नाव खरं सांगितलंस. हॉटेलात बस, पण हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात इथे माणूस लागतो."

तामोत्सु वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण चेहरा कसा ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. चिहोने त्याला दंडाला धरून उभं केलं, मग तीच त्याच्या बाहीत तोंड खुपसून हसायला लागली. कुरातांनी कोणालाच न विचारता पिशवीतून एक ओयाकी काढली आणि राखणदारांच्या खोलीच्या आडोशाला जाऊन उभ्या उभ्या खाल्ली. पार्काच्या नियमात ते बसत नव्हतं.

"चल ना, आजी. पाय गारठले असतील तुझे."

"तू हो पुढे." कात्सुनोबाई कठड्यावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. टोपीवर दोन बोटं बर्फ साचला होता. दगडामागून एक अगदी लहान पोर बाहेर आलं होतं, भिजलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं. "थांब. सांगू नकोस. ही कोणाची ते मी ओळखणार. 'का'मधली नाही, नाक बसकं आहे. तोकीची मुलगी."

"नात," तामोत्सु म्हणाला.

"नात. अगदी बरोबर. आणि तिच्या मागून येतोय तो?"